शुक्रवारची पाळी

दर शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमाराला कमरजहाँचा फोन वाजायचा. तिच्या भावाचा मुलगा गुफरान बीडला फळांचा व्यापार करत होता. जुम्म्याची नमाज आटोपून तो दुकानात परतला की गिऱ्हाइकात अडकायच्या आधी फुप्पीला फोन लावायचा. "खाना हुआ क्या फुप्पी?" हा पहिला प्रश्न. मग गुडघे, मग बीपीची गोळी, मग वडवणीत नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, आणि सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता आत्ताच आठवल्यासारखं, "जमीन ठीक है ना?" सगळं मिळून चार मिनिटं. आठवड्यातली बाकीची मिनिटं कमरजहाँची एकटीची होती.

ती अडुसष्ट वर्षांची होती. आई-बाप गेले, एकुलता एक भाऊ गेला, तीन वर्षांपूर्वी नवरा सलीम गेला. मूल झालंच नव्हतं. आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ते बीडला राहत होतं आणि शुक्रवारी बोलत होतं. त्या दिवशी ती दोनच्या आत जेवून घ्यायची, म्हणजे विचारल्यावर खोटं बोलायला नको. फोन सकाळपासून चार्जिंगला लावून ठेवायची. जमिनीचा प्रश्न शेवटी येतो म्हणून तो कमी महत्त्वाचा आहे, असं मानण्याइतकी ती भोळी नव्हती. पण फोन वाजत होता, आणि तेवढं तिला पुरत होतं.

आता ही जमीन कसली, तेही सांगायला हवं. सहा एकर होती, पण तिच्यात कधी नांगर शिरला नाही. वडवणीहून बीड रस्त्यानं निघालं की एक फाटा लागतो, तिथून आत वीस मिनिटं चालायचं. दगड, कुसळी गवत, चार हिवराची झाडं आणि दोन बोरी. सलीम मिस्त्रीनं ती विकत घेतली तेव्हा अख्खं वडवणी हसलं होतं. डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसानं चार पैसे जमल्यावर प्लॉट घ्यावा, म्हैस घ्यावी. हा शहाणा माळ घेऊन बसला, आणि तोही बायकोच्या नावावर. कारण विचारलं तर म्हणायचा, उन्हाळ्यात हरणं पाण्यासाठी डांबरी रस्त्यापर्यंत येतात आणि गाड्यांखाली सापडतात, त्यांना अलीकडंच पाणी दिलं तर ती कशाला येतील? कमरजहाँ त्या माळाला सवत म्हणायची. दर शुक्रवारी नमाज झाली की हा सवतीकडं जायचा, आणि ही एकटीच दार उघडं ठेवून बसायची. सलीम होता तोवर एकदाही तिनं तिकडं पाऊल टाकलं नाही.

सलीमनं तिथं बोअर घेतला, हातपंप बसवला आणि हरणांना तोंड घालता येईल असा उथळ पाणवठा बांधला. हळूहळू आणखी माणसं जमली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या यशोधरा मॅडम आल्या, रिटायर झालेले कंडक्टर आप्पाराव आले, औषधाच्या दुकानवाले आले, आणि त्याचं रीतसर 'माळराखण मंडळ' झालं. सभासद व्हायचं तर वर्षाची वर्गणी होती, पण ती नावाची. खरी वर्गणी म्हणजे पाळी. प्रत्येकानं आपल्या वाराला जाऊन पंप मारायचा आणि पाणवठा भरायचा. पाळ्यांचा फळा यशोधरा मॅडमच्या ओसरीवर टांगलेला असे. त्यांचा एक रिवाज होता: सभासद वारला तरी फळ्यावरचं त्याचं नाव पुसायचं नाही. त्याची पाळी बाकीचे वाटून घेत. म्हणून तीन वर्षं झाली तरी शुक्रवारपुढं अजून 'सलीम मिस्त्री' असंच होतं.

सलीमचा चाळिसावा झाल्यावर यशोधरा तिला पहिल्यांदा माळावर घेऊन गेली. कमरजहाँनं सहज पंपाच्या दांड्याला हात लावला, तर तो लहान मुलानंही हलवावा इतका हलका.

"मिस्त्रींनीच मागं वजन बसवून हलका केलाय, चाची," यशोधरा म्हणाली. "आमी म्हनायचो, गडीमानसं हायेत, कशाला? तर म्हनायचे, आमच्या घरच्या मानसाला झेपलं पायजे, ती एक दिवस येनार हाय."

कमरजहाँ पंपाच्या कट्ट्यावर बसली आणि रडली. चाळीस दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. त्यानंतर ती दर मंगळवारी तिथं जाऊ लागली. मंडळाची सभासद मात्र झाली नाही. मालकिणीनं कसलं सभासद व्हायचं, असं तिला वाटायचं.

आपल्यामागं या माळाचं काय होणार, हा घोर तिला लागला तो गेल्या दिवाळीत. आपण मेलो की जमीन गुफरानकडं जाणार आणि पाणवठ्यावर माती पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. जमीन मंडळाला द्यावी असं तिच्या मनानं घेतलं. पण देणार म्हटलं की गुफरानला कळणार, आणि कळलं की शुक्रवार मुका होणार. यावर तिनं डोकं चालवलं ते मात्र बिनतोड होतं: मृत्युपत्र करायचं. कागद कपाटात पडून राहील, आपण असेपर्यंत फोन वाजत राहील, आणि आपण गेल्यावर माळ राहील. तेव्हा गुफरानला राग आला तरी तो कुणाला फोन करायचा थांबवणार होता?

तहसीलसमोरच्या लिंबाखाली बंकट नावाचा दस्तलेखक बसतो. त्याच्याकडं मृत्युपत्राचा एकच नमुना होता, आणि वीस वर्षं तो सगळ्या तालुक्याला तोच घालत आला होता. नावं बदलायची, गट नंबर बदलायचा, बाकी 'राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत' सगळ्यांचं सारखंच. त्याच नमुन्यात त्यानं कमरजहाँलाही बसवलं. घर गुफरानला आणि सहा एकर माळराखण मंडळाला. आप्पारावांनी साक्षीदार म्हणून सही केली. यशोधरानं पेढे आणले, पण गुपित राखायचं होतं म्हणून तिघांनी ते कमरजहाँच्या घरात दार लावून खाल्ले. दार लावून पेढे खाणारी ही जिल्ह्यातली बहुधा पहिलीच संस्था असावी.

डिसेंबरात यशोधरा त्या मृत्युपत्राची नक्कल घेऊन बीडला शाईस्ता वकिलांकडं गेली. मंडळाची कागदपत्रं त्याच बघायच्या. दुसऱ्याच दिवशी यशोधरा घरी आली आणि म्हणाली, "चाची, वकीलबाईंनी तुमाला बोलीवलंय. तुमीच ऐका."

बीड म्हणजे गुफरानचं गाव. बस स्टँडवर उतरल्यापासून वकिलांच्या ऑफिसापर्यंत कमरजहाँ पदर नाकापर्यंत ओढून चालली. आपल्याच माणसाला आपण दिसू नये म्हणून लपत जायचं, हे तिला आतून लागत होतं.

शाईस्ता तिशीतली, बोलायला सरळ. तिनं मृत्युपत्र टेबलावर ठेवलं. "चाची, बंकटभाऊंनी कागद झकास लिहिलाय. पण तो आपल्याला पुरा लागू होत न्हाई. आपल्या मुसलमानी कायद्यात मृत्युपत्रानं परक्याला तीनातला एकच हिस्सा देता येतो. बाकी वारसाचा."

"आन वारसच हो म्हनला तर?"

"तर चालतंय. पण तो होकार तुमच्या मागं द्यावा लागतो. आज दिला तरी उद्या फिरता येतं. आन तवा विचारायला तुमी नसनार."

कमरजहाँनं मनातल्या मनात वाटणी केली. घर धरलं तर हिशेब थोडा इकडं तिकडं, पण चार एकरांच्या आसपास जमीन गुफरानच्या वाट्याला. "मग पानवठा कुनाकडं जाईल?"

"ते मोजनी करनारा सांगंल."

यशोधरा खाली मान घालून बसली होती. ही चूक बंकटची, पण त्याच्या कागदावर पेढे आपणच वाटले, हे तिला खात असावं.

"दुसरा रस्ता हाय," शाईस्ता म्हणाली. "हिबा. जिवंतपनी बक्षीस द्यायचं. तशी सगळी देता येती. पण हिब्यात कब्जा द्यावा लागतो चाची, आन तो बी उघड, चारचौघांसमोर. तुमचं सामान भाहेर, तुमी भाहेर, मंडळ आत. त्यांच्या नावाची पाटी लागली पायजे."

"गुपचूप न्हाई का व्हत?"

"गुपचूप केला तर उद्या कोर्टात पयला सवाल त्योच. खरंच दिली का नुसतं कागदावर?"

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. तेलगावच्या बाजूचा एक माणूस मोबाइलवर मोठ्यानं बातम्या लावून बसला होता, म्हणून बोलावं लागलं नाही ते बरंच झालं. वडवणी आल्यावर यशोधरा म्हणाली, "चाची, मिळंल तेवढं बी आमाला लई हाय. जबरदस्ती न्हाई."

"इचार करते," कमरजहाँ म्हणाली.

विचार करण्यासारखं तसं काही नव्हतं. एका बाजूला माळ होता आणि दुसऱ्या बाजूला आठवड्यातली चार मिनिटं. हे कुणापुढं मांडलं असतं तर लोक हसले असते, म्हणून तिनं ते कुणापुढं मांडलं नाही. ज्याला रोज कुणीतरी "जेवलीस का" विचारतं, त्याला त्या चार मिनिटांचं वजन कळायचं नाही. तिला ते कळत होतं. महिनाभर ती तशीच बसून राहिली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, गुडघे आणि गोळी झाल्यावर, तिनंच विषय काढला. दोघं बोलायची दखनीत. वाचणाऱ्यासाठी इथं ते आपल्या भाषेत दिलं आहे.

"माझ्यामागं त्या जमिनीचं काय करशील रे?"

"असं नका बोलू फुप्पी," गुफरान लगेच म्हणाला. मग पुस्ती जोडली, "तशी सोलारवाल्यांनी विचारपूस केलीय. त्यांना अशीच दगडी जमीन लागती. शेतीची नको म्हनतात."

"तिथं हरनं येतात."

"हरनं कुठंबी जातात फुप्पी."

मग तो सोलारबद्दल सांगू लागला. करार किती वर्षांचा, खांब कसे रोवतात, तारेचं कुंपण कुणी घालायचं. त्याच्या आवाजात असा उत्साह तिनं त्याच्या लग्नानंतर ऐकला नव्हता. त्या दिवशी फोन नऊ मिनिटं चालला. इतका वेळ तो तिच्याशी आजवर कधी बोलला नव्हता, आणि फोन ठेवल्यावर तिला ते मोजून वाईट वाटलं.

त्यानंतरच्या मंगळवारी ती माळावर गेली तर गवतात पांढरी रेघ दिसली. चुन्याची. ती रेघ बांधापासून निघून सरळ पाणवठ्याच्या काठावरून पलीकडं गेली होती, आणि कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. शेजारच्या रानात शेळ्या चारणारी दगडाबाई काठी टेकत बांधावर आली.

"तुमचा भाचा आल्ता की इतवारी," ती म्हणाली. "चार मानसं घिऊन, टेप घिऊन. दुपारपतूर मोजीत व्हते. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं व्हतं," कमरजहाँ म्हणाली.

मोजणीचा तिला राग आला नाही. जमीन आज ना उद्या आपली होणार असं ज्याला वाटतं, तो टेप लावणारच. तिला लागलं ते वेगळंच होतं. रविवारी ती दिवसभर घरात होती. बीडहून माळावर येणारा माणूस आणखी दहा मिनिटं गाडी चालवली की वडवणीत, तिच्या दारात. तो फाट्यापर्यंत आला, दुपारपर्यंत थांबला आणि फुप्पीच्या घरी पाणी प्यायलाही न येता परत गेला. वर शुक्रवारी फोन करून विचारणार होता, खाना हुआ क्या.

तिनं पंप मारायला घेतला. पाणवठा भरला तरी थांबली नाही. पाणी काठावरून वाहून चुन्याच्या रेघेवर गेलं, रेघ फिकट झाली आणि मग तेवढ्या जागेतून दिसेनाशी झाली. हात भरून आले तेव्हा ती थांबली. संध्याकाळी ती यशोधराच्या ओसरीवर गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "हिबा करायचा. सगळी."

पण कागदांना कुणाची घाई असते का? परवानग्या, नकाशे, उतारे यांत एप्रिल उजाडला. मधल्या त्या बारा शुक्रवारांइतकं कठीण तिला आयुष्यात दुसरं काही गेलं नाही. फोन आपल्या वेळेला वाजत होता आणि ती आपल्या वेळेला जेवून तयार होती. "जमीन ठीक है ना?" "ठीक है." प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं. प्रत्येक वेळी वाटायचं, आणखी एक शुक्रवार घेऊ. रमजानमध्ये त्यानं खजूर पाठवले. ईदला तो बायकोला, अलमासला घेऊन आला. अलमासनं शीरखुर्म्याचा डबा आणला, आणि तिचे पाय मांडीवर घेऊन अर्धा तास गुडघ्याला तेल चोळलं. पोरगी मनापासून चोळत होती, खोटं काही नव्हतं त्यात. गुफरान खाटेवर आडवा होऊन लहानपणीची गोष्ट सांगत होता, सलीमनं त्याला इंजिनाचं हँडल मारायला शिकवलं होतं ती. कमरजहाँच्या ओठांवर शब्द आले होते. पण सांगितलं असतं तर ती ईद तिथंच संपली असती, आणि ईद तिला हवी होती. तिनं आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून अलमासच्या हातात घातल्या. हे कशाबद्दल, असं अलमासनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "इदी हाय."

हिबा झाला तो एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी. मंडळाचे वीस-बावीस सभासद माळावर जमले होते. शाईस्ता मुद्दाम बीडहून आली होती, आणि लग्न लावणाऱ्या काझीपेक्षा जास्त काटेकोर होती. आधी सामान बाहेर काढायचं म्हणाली. सामान म्हणजे हिवराखालच्या पत्र्याच्या पेटीतली सलीमची चहाची किटली, दोन कप आणि नमाजाची चटई, जानमाज. कमरजहाँनं ते स्वतः उचलून बांधापलीकडं ठेवलं.

"आता म्हना, चाची."

"दिली," कमरजहाँ म्हणाली.

"घेतली," आप्पाराव मंडळातर्फे म्हणाले.

"आता भाहेर या."

ती दगडांच्या बांधातल्या फटीतून बाहेर आली आणि किटलीशेजारी उभी राहिली. आत सगळे होते. बाहेर ती एकटीच होती. दोघांनी मिळून पाटी रोवली, शाईस्तानं मोबाइलवर फोटो काढले. सलीमनं घेतलेला माळ तिनं पहिल्यांदाच परक्या माणसासारखा बाहेरून बघितला, आणि तिला भीती वाटली. आता आपलं काय राहिलं, असं तिनं स्वतःला विचारलं. तेवढ्यात यशोधरा बांधाशी आली. तिच्या हातात सभासदत्वाचा अर्ज होता.

"सही करा चाची. मग आत यायला कुनाची परवानगी नको."

कमरजहाँनं बांधाच्या दगडावर कागद ठेवून सही केली. मालकीण म्हणून ती बाहेर पडली होती, सभासद म्हणून परत आत आली. पाळी तिनं आपली नेहमीचीच मागितली, मंगळवार. टाळ्या वाजल्या. आप्पारावांनी या वेळी पेढे उघड्यावर वाटले.

फोटो संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून बीडला पोचला असणार. सोमवारी सकाळी फोन वाजला. शुक्रवार नसताना वाजला म्हणून क्षणभर तिला आनंदच झाला.

"फुप्पी, मला सांगायचं तरी होतं," गुफरान म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"तू मोजायला आल्तास तवा मला सांगितलंस का?"

पलीकडं हमालांचा आवाज येत होता, कुणीतरी पेट्या उतरवत होतं.

"ठीक है," शेवटी तो म्हणाला. "तुमची जमीन, तुमची मर्जी."

"घर तुझंच हाय रे."

"ठीक है फुप्पी." त्यानं फोन ठेवला. ती जेवली का, हे त्यानं विचारलं नाही.

त्या शुक्रवारी ती दोनच्या आत जेवून बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणा. अडीच वाजले, तीन वाजले. पावणेचारला ती समोरच्या गल्लीत आप्पारावांकडं गेली आणि म्हणाली, "माझा फोन बिघडलाय काय बघता का? एक फोन लावा बरं." त्यांनी लावला. तिच्या हातातला फोन खणखणीत वाजला. फोनमध्ये काही बिघाड नव्हता. ती घरी आली आणि दुपारची भांडी पुन्हा एकदा घासली.

पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. तिनं स्वतःच लावून बघावं का, असा विचार केला. पण लावून बोलायचं काय? गुडघ्यांचं सांगायचं तर कुणी विचारलं पाहिजे. दुपारी अडीच ते साडेतीन हा तास तिच्या घरात इतका मोठा झाला की त्यात बसवेना, उठवेना. तिनं केलं ते बरोबर केलं होतं, याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती. बरोबर केल्यानं एकटेपण कमी होतं, असं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते होतही नव्हतं.

तिसरा शुक्रवार यायच्या आत ती यशोधराकडं गेली. ओसरीवर फळा टांगलेला होता.

"माझी पाळी बदलून दे," ती म्हणाली. "शुक्रवार दे मला. मिस्त्रींचा."

"द्यायला काय, देते की," यशोधरा म्हणाली. "पन शुक्रवारी तर तुमच्या गुफरानभाईचा फोन असतो ना? माळावर रेंज न्हाई चाची. फाट्यापतूर यावं लागतं रेंजला."

"म्हनूनच," कमरजहाँ म्हणाली.

यशोधरानं तिच्याकडं बघितलं. खडू घेऊन तिनं 'सलीम मिस्त्री'च्या खाली 'कमरजहाँ मिस्त्री' लिहिलं.

शुक्रवारी एकच्या बसनं ती फाट्यावर उतरली. खांद्याला पिशवी होती. पिशवीत भाकरी, किटली, जानमाज आणि फोन. मे महिना तोंडावर आलेला, ऊन असं की दगडांकडं बघवत नव्हतं. हिवराच्या विरळ सावलीत तिनं नमाज पढली, मग भाकरी खाल्ली. दोनच्या आत खाल्ली. मग पंपाशी गेली. दांडा हलका होता, तिच्यासाठीच हलका केलेला होता, आणि तो खालीवर करताना पहिल्यांदाच तिला वाटलं की सलीमनं सवतीच्या घरात आपल्यासाठी एक जागा आधीच करून ठेवली होती. तो हयात असताना एकदा जरी त्याच्याबरोबर आली असती तर काय बिघडलं असतं? याचं उत्तर द्यायला आता तो नव्हता.

अडीच वाजले तेव्हा पाणवठा अर्धा भरला होता. फोन पिशवीत होता, पिशवी झाडाला होती, आणि त्या सगळ्या माळावर कुणाचाही फोन वाजणं शक्य नव्हतं. कदाचित आत्ता बीडला गुफरान कानाला फोन लावून उभा असेल. कदाचित फोनमधल्या त्या बाईचा आवाज त्याला सांगत असेल की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. असंही असू शकतं. नसेलच असं इथं तरी कुणी म्हणू शकत नव्हतं.

"हुआ खाना," ती पंप मारता मारता म्हणाली. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

पाणवठा भरल्यावर ती हिवराखाली बसून राहिली. तासाभरानं पलीकडच्या उतारावरून तीन हरणं आली. दोन माद्या आणि एक पाडस. तिच्याकडं बघत उभी राहिली, मग पाण्याशी आली. पाडसानं आधी नाक बुडवलं आणि दचकून मागं सरकलं. कमरजहाँ हलली नाही. आज घरी असती तर हा तास कसा गेला असता, ते तिला माहीत होतं, म्हणून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

सव्वापाचच्या बससाठी ती निघाली. वीस मिनिटांच्या वाटेवर शेवटचं हिवराचं झाड लागतं. त्याच्या पुढं गेलं की फाटा दिसतो, आणि तिथूनच फोनला रेंज येते. आली की रेंज नसताना येऊन गेलेल्या सगळ्या फोनचे मेसेज एकामागून एक वाजतात, कुणी लावलाच नसेल तर काहीच वाजत नाही. त्या झाडाशी ती थांबली. पिशवीतून फोन काढला, कडेचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत धरून ठेवलं, आणि मग चालू लागली. फोन आला नव्हता असं आता कुणालाही म्हणता येणार नव्हतं, अगदी तिलासुद्धा.